देझिरेचा रकाना

क्लिफर्ड दरवर्षी चिनी पितरांच्या दिवशी आपांच्या, म्हणजे वडिलांच्या, कबरीसमोर उभा राहून नुसते ओठ हलवतो. आपांशी बोलायचं ते त्यांच्या चिनी बोलीत, हाक्कात, आणि हाक्का त्याला येत नाही. म्हणून तो पेल्यातली दारू तीनदा मातीवर ओततो आणि मनातल्या मनात फ्रेंचमधून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून मोकळा होतो. हे फक्त त्याच्या थोरल्या बहिणीला, सोलांजला ठाऊक होतं, कारण लहानपणी ती प्रार्थना तिनंच त्याच्याकडून घोकून घेतली होती. चेहरा पाहिला तरी तिला कळायचं, स्वारी कुठल्या ओळीवर आहे ते.

त्या वर्षी मात्र तो 'आमची रोजची भाकर'पर्यंतही पोचला नाही. त्याचं सगळं लक्ष कब्रस्तानाच्या भिंतीकडे होतं. भिंतीपलीकडे फिलाओच्या झाडांखाली देझिरे उभा होता, हातात संत्र्यांची थाळी घेऊन.

"आला बघा," क्लिफर्डची बायको मिशेलीन पुटपुटली. "दरवर्षी चुरगळलेल्या शर्टात येतो. आज इस्त्री."

रांग ठरलेली होती. आधी क्लिफर्ड, मग ती, मग मिशेलीन. आपांच्या लग्नाच्या बायकोची मुलं आणि त्यांची माणसं. देझिरे नोएलाचा. नोएला म्हणजे दुकान झाडायला आलेली आफ्रिकी वंशाची क्रेओल मुलगी, जी पुढे दुकानामागच्या दोन खोल्यांत राहिली आणि राहिलीच. आपांनी मुलाला नाव दिलं, सरकारी दप्तरात दिलं, पण रांगेत जागा दिली नाही. ती द्यायची की नाही हे सोलांजच्या आईच्या हातात होतं. "त्यानं नोव्हेंबरात, चर्चच्या मृतांच्या दिवशी यावं," आई म्हणाली होती, "त्याच्या आईच्या लोकांबरोबर, फुलं घेऊन." आईला जाऊन वीस वर्षं झाली. नियमाला काही मरण आलं नाही.

उदबत्त्या विझल्या, पितरांसाठीचे नकली नोटांचे कागद जळाले, उकडलेली कोंबडी डब्यात परत गेली. सगळे गाडीकडे निघाले तेव्हा देझिरे फाटकातून आत शिरला. सोलांजनं मागं वळून पाहिलं. तो कबरीपाशी उकिडवा बसला होता आणि बोलत होता. ओठ नुसते हलत नव्हते, तो बोलत होता, हातवारे करून, मधेच हसून. तिनं मान वळवली आणि गाडीत जाऊन बसली.

घरी, म्हणजे पूद्र दॉर गावी सोलांज चालवते त्या आपांच्या दुकानात, पोचल्यावर क्लिफर्डनं स्वतः तिची पिशवी उचलली. "दे गं आत्सी, जड आहे."

आत्सी म्हणजे ताई. एरवी तो तिला सरळ सोलांज म्हणे, आणि तेही फोनवर, दोन महिन्यांतून एकदा. सोलांज मनात म्हणाली, चला, काहीतरी हवंय.

काय हवंय ते मिशेलीननं काउंटरवरचे साबणाचे खोके बाजूला सारून तिथं कागद पसरल्यावर कळलं.

मिशेलीनची बाजूही ऐकून घ्यायला हवी. बाई वाईट नव्हती. गेली तीन वर्षं तिनं पक्षाच्या बायकांना घरी बोलावून जेवू घातलं होतं. क्लिफर्डनं आपल्या औषधाच्या दुकानात पक्षनेत्याचा फोटो लावला होता, नेत्याच्या सासूचा रक्तदाब स्वतः मोजला होता. या मतदारसंघातून तिघं निवडून जातात, त्यातलं तिसरं तिकीट चिनी माणसाला द्यायचं असं ठरलं होतं, आणि तो चिनी माणूस कोण हे अख्ख्या पक्षाला ठाऊक होतं. मंगळवारी पेपरात नाव आलं. आडनाव बरोबर होतं. 'याप सिन थाँग', आजोबा चीनहून येऊन या बेटावर बोटीतून उतरले तेव्हा कारकुनानं त्यांचं अख्खं नावच आडनाव म्हणून लिहिलं, तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्या नावामागं तो म्हातारा चालत येतो. पण पुढचं नाव क्लिफर्ड नव्हतं. देझिरे होतं. मिशेलीननं तो पेपर तीन वेळा वाचला आणि दुपारी जेवली नाही.

"आत्सी, उमेदवारीच्या फॉर्मवर जमातीच्या रकान्यात तो 'चिनी' लिहिणार आहे," ती म्हणाली.

"मग काय लिहील? आडनाव तर तेच आहे."

"आडनावाला कोण विचारतं! कायद्यात जगण्याची रीत बघतात. तो शाळामास्तर, चर्चमध्ये गातो, सेगा नाचतो, आईकडच्या गोतावळ्यात वाढला. त्याचा रकाना सर्वसाधारण लोकांचा."

"सर्वसाधारण," सोलांज म्हणाली. "हिंदू काढले, मुसलमान काढले, चिनी काढले, की खाली गाळ उरतो तो. असंच ना?"

"मी असं म्हटलं नाही हं."

"मी म्हणतेय."

क्लिफर्ड मधे पडला. "आत्सी, नीट ऐक. बासष्ट जागा मतांवर. ते झालं की हरलेल्यांतून आठ जण उचलतात, ज्याची जमात कमी पडली त्यातले. सर्वसाधारण रकान्यात हरणारे पन्नास असतात. चिनी रकान्यात किती? तीन, चार. म्हणजे तो हरला तरी आत जातो. आणि आकडे कुठले धरतात ठाऊक आहे? बहात्तर सालचे! त्यानंतर सरकारनं जमात विचारणंच सोडलं. कागदावर आपण अजून भरपूर आहोत, प्रत्यक्षात निम्मे टोरोंटोत बर्फ उपसतायत. जी एक खुर्ची आपल्या वाट्याला येते ती हा घेणार. आयत्या बिळावर नागोबा!"

"मग तू घे हरकत. कुठल्याही मतदाराला कोर्टात जाता येतं, तूही मतदारच आहेस."

क्लिफर्डनं चष्मा पुसला. "मी घेतली तर लोक म्हणतील, जळतोय."

"आणि तू जळत नाहीयेस."

"प्रश्न तो नाही."

"बरं."

"तू थोरली. तू दुकानात होतीस, सगळं पाहिलंस. तू लिहून दिलंस की हा माणूस चिनी रीतीनं कधी जगला नाही, आम्ही त्याला रांगेत कधी घेतलं नाही, की संपलं. अर्ज भरला की त्याच आठवड्यात वकील हे कोर्टात देईल. तुला फक्त सही करायची आहे."

मिशेलीननं पेन पुढं केलं. टोपण काढून.

सोलांजला तेव्हा सही करावीशी वाटली, हे सांगायला हवं. अगदी मनापासून वाटली. देझिरे जन्मला तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि आपा त्या दिवशी गल्ल्यावर बसून शीळ घालत होते. तिनं आपांना शीळ घालताना त्याआधी ऐकलं नव्हतं. पुढं त्यांनी पोराला मांडीवर घेऊन हाक्का शिकवली. तिला नाही, कारण मुलगी काय, परक्या घरी जाणार. क्लिफर्डलाही नाही, कारण त्याला साहेब करायचं होतं, त्यानं फ्रेंच आणि इंग्रजीच बोलायची. मुलगी कुठंच गेली नाही. आपा अंथरुणाला खिळले ती दोन वर्षं ती पुढं दुकान सांभाळत होती, कारण दुकान बंद ठेवून चालायचं नाही. देझिरे शाळा सुटली की येई आणि त्यांना पेज भरवी. लाकडी भिंतीपलीकडून दोघांचं हसणं ऐकू येई. पेज सोलांजनं शिजवलेली असे. हसू मात्र त्याच्या वाट्याला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि तिचं चव्वेचाळीस वर्षं जळत होतं.

तिनं पेन घेतलं.

मागच्या दाराची कडी वाजली. "आत येऊ का?" देझिरेचा आवाज.

"निवडणुकीला उभा राहतोस आणि मागच्या दारानं येतोस?" सोलांज ओरडली. "ये."

देझिरे आत आला. कबरीवरची संत्री त्यानं प्रसाद म्हणून परत आणली होती. मागून त्याची आई नोएला आली, सत्तरीची, गुडघे धरत, आणि सरळ चुलीकडे गेली. गेली पन्नास वर्षं या घरात पाहुणे आले की ती चुलीकडेच जाते. मांसाचे गोळे वाफवायला ठेवलेले होते, तिनं झाकण उचलून पाहिलं.

देझिरेनं काउंटरवरचा कागद पाहिला आणि त्याला काय ते समजलं. बोलायचं ठरवून आला होता, वाटेत दोनदा वाक्यं जुळवली होती, पण आता त्यातलं एकही आठवेना. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, युनियनच्या सभेत हजार माणसांसमोर बोलणारा, आणि या खोलीत पाऊल टाकलं की आठ वर्षांचा होतो.

"मी विचारायला आलो होतो, आत्सी," तो म्हणाला. "शनिवारी अर्ज भरायचा आहे. मी चिनी लिहिलं तर तुझी हरकत आहे का?"

"विचारायला!" मिशेलीन म्हणाली. "आणि नाही म्हटलं तर नाही लिहिणार?"

"नाही लिहिणार."

"मग काय लिहाल?"

"काही नाही. काही लिहिलं नाही तर अर्जच बाद होतो."

"वा! किती त्याग! आणि आज इस्त्रीचा शर्ट कशाला? फोटोला?"

"मिशेलीन वहिनी, मी दरवर्षी येतो."

"भिंतीपाशी."

"हो," देझिरे म्हणाला. "भिंतीपाशी. कारण आत जागा नव्हती. आता वकिलाच्या कागदात तेच लिहिलं असेल ना? की हा रांगेत कधी नव्हता?"

क्लिफर्डनं कागद उलटा ठेवला. तेच लिहिलं होतं, दुसऱ्या परिच्छेदात.

"तुला खुर्ची हवी आहे," तो म्हणाला. "सरळ सांग की. तिकडे पन्नासांत चेंगरशील, इकडे मोकळं आहे. पक्षानं तुला का घेतलं? चेहरा क्रेओलांना दाखवायला, आडनाव कोर्टाला दाखवायला. दोन्ही डगरींवर हात."

"हवी आहे खुर्ची," देझिरे म्हणाला. "तुला नको होती का?"

त्याला खुर्चीही हवी होती आणि रांगही हवी होती. दोन्ही खरं होतं, आणि कुठलं जास्त खरं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लहानपणी तो भिंतीवर हनुवटी टेकवून सोलांजच्या पाठीकडे बघायचा. तिचा पांढरा झगा, हातात उदबत्ती. त्याला वाटायचं, ही किती नशीबवान, हिला आत उभं राहता येतं. दुकानात आपा त्याला खांद्यावर घेत, पण त्या दिवशी, आजोबांच्या कबरीपाशी, ओळखही दाखवत नसत.

"झालं तुमचं?" सोलांज म्हणाली. "आता मी न्यायाधीश. क्लिफर्ड, उभा राहा."

"आत्सी, काय पोरखेळ..."

"उभा राहा म्हणते ना. कोर्टात मला एकटीला पाठवणार होतास, मग इथं सराव होऊ दे. मी सही केली. न्यायाधीश मला विचारणार, बाई, तुम्हाला हाक्का येते? मी म्हणणार, नाही साहेब. तुमच्या भावाला येते? तू सांग."

"हे मुद्द्याला सोडून आहे."

"येते का?"

"नाही."

"मग वडिलांशी कबरीवर बोलतं कोण? तू काय म्हणतोस रे तिथं? सांगू का सगळ्यांना?"

क्लिफर्डचे कान लाल झाले. मिशेलीननं त्याच्याकडे चमकून पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पुढं विचारतील," सोलांजचा आवाज चढला, "म्हातारा अंथरुणावर होता तेव्हा त्याला कुणी भरवलं? अंग कुणी पुसलं? कुणाशी बोलून तो हसला? आणि मला शपथेवर सांगावं लागेल. देझिरेनं, साहेब. देझिरेनं, साहेब. मग ते शाई काढून, शिक्का मारून लिहितील की याप सिन थाँग घराण्याचा खरा चिनी मुलगा हाच. आज हे फक्त मला ठाऊक आहे. उद्या पेपरात येईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाही करणार मी सही."

तिनं पेनाला टोपण लावलं आणि मिशेलीनच्या हातात ठेवलं.

"दुसरा मतदार मिळेल आम्हाला," मिशेलीन म्हणाली.

"मिळेल. पण मग मला साक्षीला बोलावतील. आणि मी खोटं बोलत नाही. तेवढं मला नन्सनी शिकवलंय."

क्लिफर्डनं कागदाची घडी घातली. नवराबायको जेवायला थांबले नाहीत. गाडीत बसताना मिशेलीननं विचारलं, "तुम्ही तिथं काय म्हणता हो?" त्यानं गाडी सुरू केली. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली.

आत देझिरे सोलांजचे पाय धरायच्या बेतात होता. "आत्सी, तू माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "नीट ऐकून ठेव. खटला जिंकता आला असता ना, तर मी सही केली असती. तू जन्मल्यापासून मी तुझ्यावर जळते. आजही सकाळी जळत होते. ते काही गेलेलं नाही."

देझिरेनं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी तुझ्यावर जळायचो."

"माझ्यावर? माझं काय होतं जळण्यासारखं?"

"तू आत उभी असायचीस."

सोलांजला हसू आलं. "आत उभं राहून मला काय मिळालं रे? पाठदुखी. एक अक्षर बोलता आलं नाही त्यांच्याशी. क्लिफर्ड पुटपुटतो, मी वाकते, घरी येते. त्यांना काय कळणार, ही कोण, कशाला आली होती."

ती स्टुलावर बसली. दुकानाच्या फळ्यांवर सार्डिनचे डबे होते, मेणबत्त्या होत्या, आणि बऱ्याच फळ्यांवर काहीच नव्हतं. हमरस्त्यावर मोठं सुपरमार्केट झाल्यापासून गावातली माणसं इथं फक्त विसरलेली काडेपेटी घ्यायला येतात.

"लिही चिनी," ती म्हणाली. "आणि पुढल्या वर्षी आत ये. दारू तू ओत, क्लिफर्डला बघून घेईन मी. पण आधी मला शिकव."

"काय शिकवू?"

"त्यांच्याशी बोलायला. जास्त नको. तीन वाक्यं."

देझिरे तिच्यासमोर खोक्यावर बसला. शाळामास्तरच तो, पाठ सरळ झाली. "सांग."

"आपा, मी सोलांज."

त्यानं सांगितलं. तिनं म्हटलं. परत म्हटलं. सोपं होतं.

"दुकान बंद करतेय."

देझिरे थांबला. "म्हणजे आजचं?"

"म्हणजे कायमचं. या महिन्याअखेर. अजून कुणाला सांगितलेलं नाही. क्लिफर्डला तर मुळीच नाही, नाहीतर जागेची मापं घ्यायला येईल. सांग, हे येतं ना तुला?"

येत होतं. आपा रोज संध्याकाळी फळ्या लावताना हे ओरडायचे. देझिरेनं सांगितलं. तिनं म्हटलं. लहानपणापासून कानावर पडलेले शब्द, आणि आज पहिल्यांदा तोंडात आले.

"आता तिसरं," ती म्हणाली. "मी दमले."

देझिरेच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं आपांचं सगळं आठवून पाहिलं. मासे, बोटी, गावाकडची नदी, शिव्या, म्हणी, आजारपणातली पेज नको ही कुरकुर. "येत नाही, आत्सी," तो म्हणाला. "हे ते मला कधी म्हणालेच नाहीत."

"कधीच?"

"कधीच नाही. शेवटी शेवटीसुद्धा नाही."

सोलांजनं मान हलवली. तिलाही आपा कधी दमलेले आठवत नव्हते. त्यांना दमणं ठाऊकच नसावं असं घरात सगळे धरून चालत. आई तर सांगायची, तुमचा बाप लोखंडाचा आहे.

चुलीपाशी नोएला झाकण ठेवत होती. ती मागं वळली नाही. तशीच पाठमोरी राहून तिनं हाक्कात ते वाक्य म्हटलं. छोटं होतं. नोएलाच्या तोंडून हाक्का या घरात कुणी कधी ऐकली नव्हती, तिच्या मुलानंही नाही.

देझिरे खोक्यावरून उठला. "आई, तुला..."

"रोज म्हणायचा," नोएला म्हणाली. जन्मभर ती आपांना 'मालक' म्हणत आली होती. "दुकान बंद झालं की मागं येऊन त्या पायरीवर बसायचा, चपला काढायचा, आणि हे म्हणायचा. रोज. मी म्हणायची, मग झोप. एवढंच."

सोलांजला वाटलं होतं, मत्सर जितका करायचा तितका आपला करून झाला. नव्हता झाला. या बाईनं एवढी वर्षं तिच्या चुलीवर तिचा भात शिजवला, तिला मामझेल, म्हणजे बाईसाहेब, म्हटलं, आणि आपांचं हे वाक्य स्वतःजवळ ठेवून घेतलं. बायकोला नाही, मुलांना नाही, या बाईला मिळालं होतं ते. तिला नोएलाला घराबाहेर काढावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिला इतकं दमल्यासारखं झालं की स्टुलावरून उठवेना.

"नोएला," ती म्हणाली.

"हं, मामझेल."

"इकडे ये. बस इथं."

नोएला आली. शेजारच्या स्टुलावर बसली; या घरातल्या स्टुलावर ती पहिल्यांदाच बसत होती.

"परत म्हण," सोलांज म्हणाली. "सावकाश."